गावानं सत्कार बंद केले तेव्हा

आमच्या गावात गारा पडल्या आणि सरकारदरबारी त्या पडल्याच नाहीत, तिथून हे सगळं सुरू झालं.

चैत्रातली दुपार होती. कांदा काढून शेतातच होता. काढलेला कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, भरायच्या आधी आम्ही त्याचा ढीग लावून वर पाचट टाकतो. त्या ढिगाला आरण म्हणतात. आरणींवर लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि मागोमाग पाऊस, तोही थांबायचं नाव न घेणारा. आठवड्याभरात कांद्याला असा वास सुटला की कुत्रीसुद्धा त्या बांधानं जाईनात.

महसूलचा माणूस आला. मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "आजी, त्या दिवशी तुमच्या मंडलात पाऊस शून्य आहे."

"मग हे काय आमी बादलीनं वतलं?"

"तसं नाही हो. पण यंत्रात नाही ना. यंत्रात नाही तर पंचनामा कसा करू?"

पाऊस मोजायचं यंत्र आमच्या गावात नव्हतं. आसपासच्या सगळ्या गावांना मिळून एकच यंत्र, तेही टेकडीपलीकडच्या गावात. तिथल्या माझ्या मावसबहिणीला मी फोन केला. ती म्हणाली, "न्हाई बाई, आमच्याकडं लख्ख ऊन व्हतं. मी कुरडया वाळत घातल्या व्हत्या." म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याच्या डोक्यावर पाऊस पडला नाही, त्यानं तसं सांगितलं. पूर्वी हे चालून गेलं असतं. माझ्या तरुणपणी गारा इतक्या क्वचित पडायच्या की लोक त्यावरून लग्नाची सालं सांगायचे. आता कुणी 'गारांच्या साली' म्हटलं तर कुठल्या गारा, असं विचारावं लागतं. आणि पाऊस असा की एका शेतात गुडघाभर पाणी आणि शेजारच्यात धूळ.

माझी सून गावची सरपंच आहे. तिला एकच हवं होतं. पुढच्या गारा पडायच्या आत गावात स्वतःचं यंत्र उभं राहिलं पाहिजे. अर्ज करून ती थकली. शेवटी तिनं सडक्या आरणींचा व्हिडिओ काढून एका टीव्हीवाल्या बातमीदाराला पाठवला. तो म्हणाला, गुरुवारी येतो.

आता माझ्या दिरांबद्दल सांगावं लागेल. ते यात्रा कमिटीचे अध्यक्ष आहेत आणि सत्कार हा त्यांचा आजार आहे. शाली, नारळ आणि फेट्यांचं कापड ते घरात किराण्यासारखं भरून ठेवतात. पाहुण्याच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय त्यांना घास जात नाही. एकदा बोअरच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला त्यांनी फेटा बांधला होता. बोअर कोरडी गेली. ड्रायव्हर फेटा घेऊन गेला.

टीव्हीवाला येणार म्हटल्यावर ते म्हणाले, "वहिनी, मुंबईपर्यंत गाव दिसणार. ही घाण अशीच ठिवायची का?"

"घाणच तर दाखवायचीय, भाऊजी."

पण तेवढ्यात मला दवाखान्याच्या कामाला आळेफाट्याला जावं लागलं. मी परत येईतो त्यांनी जेसीबी बोलावून सगळा सडका कांदा खड्ड्यात पुरला होता. शेतं नांगरून घेतली होती. बायकांनी रस्त्यावर सडे घातले होते. वेशीत रांगोळी होती आणि रांगोळीत कांद्याचंच चित्र, गुलाबी, टपोरं. सून अडवून अडवून थकली होती आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसली होती. दीर म्हणाले, "आता कसं लग्नघरावानी वाटतंय!"

बातमीदार आला. तरुण पोरगा, सडपातळ. फेटा त्याच्या भुवयांपर्यंत आला. शाल, नारळ झाला. दिरांचं भाषण झालं, मग सोसायटीच्या चेअरमनचं, मग ज्यांना बोलायला मिळालं नव्हतं त्या सगळ्यांचं. नंतर जेवण. मासवडी आणि झणझणीत रस्सा त्याला असा आवडला की तो काय विचारायला आला होता हेच विसरला. हात धुताना त्याला आठवलं.

"आजी, नुकसान कुठंय?"

"पुरलंय."

"म्हणजे?"

"तुमी येणार म्हणून पुरलं."

तो गाडीपाशी गेला तर डिकीत दिरांनी निवडक कांद्याची गोणी ठेवलेली. तो सुनेला म्हणाला, "मॅडम, कांदा तर झकास आहे. मी ऑफिसात काय सांगू?"

पुन्हा जेसीबी बोलावला. पुरलेला कांदा वर काढला. मातीत कुजून त्याची चटणी झाली होती. त्या ढिगाशेजारी मला बसवून पोरगा म्हणाला, "आजी, कॅमेऱ्यासमोर जरा रडता येईल का?"

"का? कोण मेलं?"

"नाही, म्हणजे लोकांना भिडतं. हवामान बदलाचा विषय कोरडा आहे हो. माणसं चॅनेल बदलतात."

"मला न्हाई येत रडायला. बोलायला येतं."

त्यानं कॅमेरा सुरू केला आणि समोर पाहते तर दीर दुसरा फेटा घेऊन उभे. वाहिनीचा आणखी एक माणूस गाडीत बसलेला सापडला होता, त्याला बांधायला. माझं डोकं सटकलं.

मी म्हणाले, "आमच्या गावाचं काय चुकतं ते सांगते. मत मागायला आला, त्याला फेटा. निवडून आला, फेटा. पडला तर वाईट वाटू न्हाई म्हणून फेटा. काम झालं न्हाई हे सांगायला आला तरी फेटा. एवढं कापड गुंडाळल्यावर त्याच्या कानात आमचं काही जायचं कसं? उद्या गारा आल्या तर हे आमचे भाऊजी गारांनाही शाल घालतील. आता गावात पाऊस मोजायचं यंत्र येईस्तोवर कुणाचा सत्कार न्हाई. आमदार येऊ दे न्हाईतर त्याचा बाप."

मागं दीर फेटा हातात धरून तसेच उभे, हे सगळं चित्रात आलं.

संध्याकाळी टीव्हीवर माझ्या तोंडाखाली पट्टी फिरत होती, 'आजीबाईंचा टाहो'. मी टाहो फोडला नव्हता, शिव्या गिळल्या होत्या. मग चार शहाणी माणसं चर्चेला बसली. एक कुठल्याशा बर्फाबद्दल बोलला. एकानं शेतकऱ्यांनाच दोष दिला. उरलेले दोघं एकमेकांच्या पक्षावर तुटून पडले. कांद्याचं नाव कुणी काढलं नाही. सून म्हणाली, "आत्या, गेलं वाया."

पण मोबाईलवर माझं बोलणं फिरलं. आळ्याच्या बाजारात एक बाई माझा पदर धरून म्हणाली, "तुमीच का ओ त्या फेटेवाल्या आजी?" घाटघरहून एका बाईचा फोन आला, "आमच्याकडं तर असा पडतो की मोजणारा वाहून जाईल. आमचं बी कुणी मोजत न्हाई." आंबेगावात काही गावांनी ग्रामसभा घेऊन सत्कारबंदीचा ठराव केला. दिवस यात्रांचे. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, पुढाऱ्याला फेटा बांधून स्टेजवर चढवतात, ही रीत. त्या हंगामात पुढारी बोडक्या डोक्यानं आले आणि गर्दीत ओळखूच येईनात. एकाला तर पोरांनी "ए काका, गाडा येतोय, बाजूला व्हा" म्हणून ढकललं.

मग आमदार आमच्या गावात आले. दिरांना ते दृश्य बघवणार नाही म्हणून ते आत खोलीत जाऊन बसले. आमदारांना आम्ही खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं. कुणी उठलं नाही. आमदारांचा हात सवयीनं डोक्याकडं जायचा आणि परत यायचा.

"आजी, माझं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई. आमचंच. मागायच्या आधीच देत गेलो."

"यंत्राचं बघतो."

"बघू नका. आणा."

"अहो, त्याला मंजुरी लागते, वरून..."

"गारा बी वरूनच येत्यात. त्यांना किती पटकन मिळती मंजुरी."

लोक हसले. आमदारही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. सून म्हणाली, "साहेब, कधीपर्यंत ते जरा इकडं बघून सांगा." तिनं मोबाईल वर धरला. तिच्यामागं बसलेल्या सगळ्या बायकांनी धरला. आमदार म्हणाले, मृगाच्या आत.

मृग लागायच्या आधी यंत्र आलं. मोकळ्या जागेत उभं केलं. वर नरसाळ्यासारखं तोंड, त्यात पाणी पडलं की आकडा आपोआप पुण्याला जातो. यंत्र आल्यामुळं सत्कारबंदी उठली असं दिरांनी स्वतःच जाहीर केलं. एवढे दिवस कोंडलेला माणूस तो. उद्घाटनाला आलेले आमदार घाईत निघून गेले होते, म्हणून दिरांनी यंत्राचाच सत्कार केला. नारळ वाढवला, हार घातला, आणि नरसाळ्याला गच्च फेटा बांधला. तुऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस झाला. ओढा रस्त्यावर आला. पुण्याहून सुनेला फोन, "मॅडम, नवीन केंद्रावर पाऊस शून्य दिसतोय. बरोबर ना?" ती तेव्हा घोटाभर पाण्यात उभी होती. आम्ही यंत्राकडं पळालो. फेटा भिजून भोपळ्याएवढा झाला होता. दिरांनी तो सोडला आणि नरसाळ्यावर पिळायला लागले. "निदान एवढं तरी धरतील," म्हणाले. सुनेनं त्यांना जन्मात पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. त्यांनी ती ऐकून घेतली.

त्यानंतर मात्र यंत्र नीट चाललं. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस घुसला, तर आकडा पुण्याला गेला आणि महसूलचा माणूस न बोलावता आला. आमच्या शेतात चिखलात उभा राहून त्यानं पंचनामा केला. सून त्या दिवशी जेवली तशी मी तिला कधी जेवताना पाहिली नव्हती.

दिवाळीच्या पुढं पुन्हा अवकाळी आला. या खेपेला तो शेजारच्या गावावर पडला. आमच्याकडं थेंब नाही. त्यांचा टोमॅटो तारेवरच कुजला. आता त्यांचं गाव आमच्या यंत्राला जोडलेलं आणि आमच्या यंत्रात शून्य. त्यांच्या बायका तणतणत आमच्या दारात आल्या.

"तुमच्या यंत्रानं आमचं वाटोळं केलं!"

त्यांचं खरं होतं. सून मला आत बोलावून म्हणाली, "आत्या, आपलं झालंय. आता त्यांच्यात कशाला पडता? आपलंच यंत्र उचलून तिकडं नेतील."

"पुढचा ढग कुणाच्या शेतावर थांबंल, हे तुला ठाऊक हाय का?"

 ती म्हणाली, "थांबा, मोबाईल चार्जिंगला लावलाय, तो घेऊन येते."

त्यांच्या गावासाठीही यंत्र मागायला तहसील कचेरीत जायचं ठरलं, त्या बायकांनी टेम्पो आणला होता. मानाची म्हणून मला ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी उतरून मागं बायकांत जाऊन बसले. पुढं डिझेलचा वास येतो.