गुरुवारचा सौदा

पौष पौर्णिमा, २००४. मी समाजमंदिरातल्या सतरंज्या झटकत होते. दुसऱ्याची आठवणसुद्धा सांगितल्या भावात न घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते माझे चुलतसासरे; मी त्यांना मामंजीच म्हणायची. म्हसाच्या जत्रेत त्यांनी जन्मभर बैलांची दलाली केली. मुलं कल्याण-भिवंडीला गेली नि मागं राहिलेले म्हातारे भिंतीशी बोलू लागले, म्हणून दर गुरुवारी त्यांना एकत्र बसवून जुन्या गोष्टी काढायला लावायचं काम मी अंगावर घेतलं होतं. तिथंही मामंजींची घासाघीस चालायची. कोणी म्हातारी म्हणाली, "माझ्या लग्नात पन्नास गाड्या व्हत्या," की मामंजी म्हणत, "पंचवीस धर गो. त्यातल्या दोन मोडक्या." पुढच्या गुरुवारी ती आपणहून चाळीसवर यायची. स्वतःचा भाव मात्र ते तोंडानं कधी सांगत नसत. टॉवेलाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची, हीच दलालांची रीत. एकदा मेथीवालीचाही हात त्यांनी असाच मागितला. ती टोपली उचलून गेली, ती पुन्हा आमच्या आळीत आली नाही.

बैठकीला पलीकडच्या गावचा एक बैलांचा व्यापारी यायचा. अर्धांगानं त्याची वाचा गेलेली, एक हात तेवढा चालू. बायको त्याला रिक्षातून आणायची. "बोलत नाय त्याला कशाला आणता?" बाकीचे कुरकुरत. मामंजींच्या एका बैलाचा सौदा त्याच्याशी फिसकटला होता, तेव्हापासून दोघांत अबोला. पण एका गुरुवारी मामंजी उठले, त्याच्या शेजारी बसले आणि टॉवेल टाकला. बोटं हलली. वाकड्या तोंडानं तो चक्क हसला. मग दर गुरुवारी तोच बैल, तोच सौदा. बैल मरून जमाना झाला होता.

"मामंजी, देऊन टाका ना एकदाचा."

"खुळी का गो तू? सौदा मिटला तर तो येल कशाला?"

त्या पौर्णिमेला सतरंज्या आत घेत होते, तेवढ्यात तो व्यापारी गेल्याचा निरोप आला. मामंजी पायरीवर बसले. म्हणाले, "गेल्या खेपेला त्यानं बरोब्बर माझाच भाव दाबला व्हता गो. मीच हात सोडवून घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना एस.टी.नं त्याच्या घरी नेलं. ओटीवर भरल्या माणसांत त्यांनी बैलाचा भाव मोठ्यानं सांगितला आणि म्हणाले, "दिला." कोणाला काही उमगलं नाही. त्याची बायको तेवढी माझ्याकडे बघत होती.

"बाय, गुरुवारची मी ह्यांना घेऊन यायची. आता मी कुठं जाऊ?"

सुतक फिटलं की रिक्षा पाठवते, म्हटलं.