दूधवाल्या ताई

खोलीत शिरल्या की ताई आधी बसायच्या. खुर्ची रिकामी असली तरी खुर्चीवर नाही. पलंगाखालचं ठेंगणं स्टूल पायाने ओढून त्यावर टेकायच्या, म्हणजे पलंगावरच्या बाईला त्यांच्याकडे खाली बघावं लागे. "उभं राहून सांगितलं की हुकूम वाटतो गं," त्या मला एकदा म्हणाल्या. "हिला सकाळपासून दहा जणांनी हुकूम सोडलेत." मग बाळाकडे न बघताच त्या बाईला विचारायच्या, "तू जेवलीस का?"

तुम्ही कधी बाळंतिणीला भेटायला गेला असाल तर आठवून बघा. आपण सगळे आधी पाळण्यात वाकतो. नाक कुणासारखं, रंग कुणासारखा, हे ठरवून झालं की मग तिच्याकडे वळतो. ताईंचा प्रश्न ऐकून कितीतरी बायका नुसत्या रडायला लागायच्या. ताई थांबायच्या. रडणं संपलं की पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून द्यायच्या आणि मगच कामाला लागायच्या.

आमचं प्रसूतिगृह मुलुंडला, एका जुन्या इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांवर. मी तिथे नर्स आहे. ताई आठवड्यातून तीन दिवस सकाळी भांडुपहून यायच्या. बाळाला अंगावर कसं पाजायचं ते नव्या आयांना शिकवणं, हे त्यांचं काम. त्याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं, परीक्षा दिली होती, कार्डावर इंग्रजीत लांबलचक हुद्दाही छापला होता. पण तो कुणाच्या तोंडात बसेना. आमच्या आयामावशी त्यांना 'दूधवाल्या ताई' म्हणायला लागल्या आणि तेच नाव राहिलं.

त्या घरीही जायच्या. एकदा एका टॉवरच्या वॉचमनने वहीत त्यांच्या नावापुढे 'दूध' एवढंच लिहिलं आणि त्यांना सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं. "वर पोचले तर सासूबाई पातेलं घेऊनच दारात उभ्या!" हे सांगताना ताईंना हसू आवरत नव्हतं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. बाळ दूध ओढत नसलं की आम्ही नर्सेस त्याचं डोकं मागून धरून छातीशी दाबायचो. आम्हाला तसंच शिकवलं होतं. बाळ किंचाळायचं, आई घाबरायची, आम्ही आणखी दाबायचो. ताई एका सकाळी दारातून ते बघत होत्या. दुपारी मी डबा उघडून बसले, तर मागून येऊन त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझं तोंड हळूच डब्याकडे ढकललं.

"अहो ताई, काय करताय?"

"जेव ना. भूक लागलीये ना तुला?"

मी त्यानंतर कुठल्याही बाळाच्या डोक्याला हात लावला नाही.

सासवांशी त्यांचं चांगलं जमायचं, याचं आम्हाला नवल वाटे. "हिला दूधच नाही," असं एखादी आजी ठामपणे म्हणाली की ताई वाद घालत नसत. पर्समधून काचेची एक गोटी काढून आजींच्या तळहातावर ठेवायच्या. "आजी, पहिल्या दिवशी पोट एवढंच. ह्याच्यात किती मावणार, तुम्हीच सांगा." मग आजींनाच कामाला लावायच्या. दिवसात किती लंगोट ओले होतात ते तुम्ही बघायचं, दुसऱ्या कुणाला जमणार नाही ते. संध्याकाळपर्यंत आजी ताईंच्या बाजूने बोलायला लागलेल्या असत. एक मालवणी आजी मात्र वस्ताद निघाली. गोटी उलटसुलट बघून आपल्या ढेरपोट्या मुलाबद्दल म्हणाली, "ह्या पोट माझ्या झिलाचा आसता तर तो आज एवढो सुटलो नसतो." ताईंचं मूळ गाव कुडाळकडचं. त्या हसत हसत खालीच बसल्या.

पण मी हे लिहायला बसले ते त्यांच्या विनोदांसाठी नाही.

आमच्याकडे बाळंत झालेली मरोळची एक मुलगी तिसऱ्या दिवशी घरी गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिने ताईंना फोन केला. बाळ सारखं झोपतंय, प्यायला उठत नाही. ताई तेव्हा दुसऱ्या एका घरी होत्या. त्यांनी फोनवरच सांगितलं, "उठव आणि दर दोन तासांनी लाव. धीर धर, दूध येतंय. पावडरच्या दुधाचा डबा आणू नका." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. पुन्हा तेच उत्तर.

सातव्या दिवशी ती दोघं नवराबायको बाळाला घेऊन आमच्याकडे धावत आली. बाळ पिवळं पडलं होतं. ओठ सुकले होते. टिचकी मारली तरी नीट रडत नव्हतं. वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. सलाइन लावलं, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं.

ताई आल्या तेव्हा बाळाचा बाप पॅसेजमध्येच होता. चांगला शिकलेला, शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. "डबा आणू नका म्हणालात! ती फोनवर रडत होती आणि तुम्ही धीर धर म्हणालात! माझ्या पोराला काय झालं असतं तर?"

सगळे बघत होते. पेशंट, नातेवाईक, आम्ही. ताई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी येऊन बघायला हवं होतं. नाही आले."

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. असं चारचौघांत कबूल करू नका, उद्या कागदावर येईल, म्हणाले.

"येऊ दे," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

डब्याच्या दुधाचा सेल्समन आला की त्याला जिन्यातूनच परत पाठवणाऱ्या ह्या बाई. त्या दिवशी त्यांनी स्वतः डब्याचं झाकण उघडलं, उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून पावडर कालवली, आणि बाळ जरा हुशार झाल्यावर वाटी-चमच्याने त्याला पाजलं. एकेक चमचा. ते गिळतंय ना, हे बघूनच पुढचा. वाटी मी धरली होती.

पुढचे चार दिवस त्या रोज आल्या. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती. चौथ्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "म्हणजे मला दूध येणारच नाही का आता?"

"येईल थोडं. येईल तेवढं देऊ, बाकीचं डब्यातून देऊ. बाळ वाढेल." मग म्हणाल्या, "आणि ऐक. तुझं काही चुकलेलं नाही. चुकले ती मी."

ते बाळ बरं झालं. अर्धं आईचं, अर्धं डब्याचं पिऊन गुटगुटीत झालं. पण ताईंच्या खांद्यावर त्यानंतर एक जास्तीची पिशवी आली. तिच्यात वजनकाटा होता. बाळाचं वजन स्वतः केल्याशिवाय त्यांनी पुन्हा कुणाला सल्ला दिला नाही. फोन आला की पत्ता विचारायच्या आणि निघायच्या, मग ते चेंबूर असो की बोरिवली. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी त्या हीच गोष्ट सांगत. दुसऱ्या कुणाची म्हणून नाही, स्वतःची म्हणून. मला ते ऐकवत नसे. मी एकदा म्हटलंही, "कशाला उगाळता? बाळ बरं झालं ना?"

"बरं झालं म्हणून सांगू शकते," त्या म्हणाल्या.

आता माझं सांगते.

माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. घाटकोपरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रोज दुसऱ्यांच्या बाळांना हाताळणारी मी, माझ्या मुलीला हात लावायला घाबरत होते. दुसऱ्या दिवशी ताई तिथे आल्या. तासभर माझ्या शेजारी बसून त्यांनी माझं दूध हाताने काढलं. काही थेंबच निघाले, पिवळे, मधासारखे घट्ट. तिथल्या सिस्टरला विचारून त्यांनी त्यात कापसाची काडी बुडवली आणि माझ्या हातात दिली. मी ती मुलीच्या ओठांना लावली. तिने जीभ हलवली. एवढीशी जीभ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

चौथ्या दिवशी मी घरी आले आणि पाचव्या दिवशी मला दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. छाती दगडासारखी झाली, गाऊन भिजायला लागला. सासूबाईंनी कापडाने घट्ट बांधून दिलं, त्याने ताप भरला. माझ्याच वॉर्डातल्या मैत्रिणी फोन करायच्या, पण माझ्या नवऱ्याला. माझ्याशी काय बोलायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. मीही आजवर असंच करत आले होते. बाळ गेलं की त्या खोलीत आम्ही गोळ्या द्यायला जायचो आणि पटकन बाहेर यायचो.

ताई कुणी न बोलावता आल्या. दार लावून घेतलं. कापड सोडलं, फ्रीजमधलं थंड फडकं ठेवलं, ठणका कमी होईल एवढंच दूध काढलं. मग विचारलं, "नाव ठेवलं होतंस?"

मला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. नाव मी मनात ठेवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"ओवी," मी म्हटलं.

"ओवी," त्यांनी म्हणून बघितलं. वाटीकडे बघत म्हणाल्या, "हे ओवीचं दूध. ह्याचं काय करायचं ते तू ठरव. हळूहळू आटवता येतं, मी दाखवते. नाहीतर ज्या बाळांच्या आयांना दूध नाही त्यांच्यासाठी मोठ्या रुग्णालयात दूधपेढी असते, तिथे देता येतं. त्यासाठी तुझं रक्त तपासतील. आज ठरवायला पाहिजे असं काही नाही. दोन्हींतलं काही बरोबर नाही आणि काही चूकही नाही."

नवऱ्याला ते पटलं नाही. "कशाला तिला अजून त्रास? गोळी देऊन बंद करा ना." ताईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण तिला ठरवू दे."

मी दुसऱ्या दिवशी ठरवलं. नऊ दिवस दूध काढलं आणि दिलं. दर दिवशी सकाळी ताई बर्फाचा डबा घेऊन यायच्या, बाटल्या न्यायच्या. रिक्षातून जाताना तो डबा मांडीवर धरून बसायच्या. मी खिडकीतून बघायचे. नंतर त्यांनीच हळूहळू काढायचं कमी करत दूध थांबवायला शिकवलं. शेवटच्या दिवशी वाटीत चमचाभर आलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. ताई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. 'दुसरं होईल' असं त्या म्हणाल्या नाहीत. बाकी सगळे म्हणाले होते.

दुसरा झाला, तीन वर्षांनी. त्याला पाजताना ताईंनी मला काहीच शिकवलं नाही. "तुला येतं," एवढंच म्हणाल्या.

मागच्या वर्षी ताई गेल्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि उरलेल्या दिवसांत दोनदा आमच्याकडे. कितीदा सांगितलं, नका येऊ. पायऱ्या चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या, पण यायच्या.

आम्ही भांडुपला त्यांच्या घरी गेलो. टेकडीवरची चाळ. आत जागा नव्हती, बायका बाहेरच्या गॅलरीत बसल्या होत्या, बऱ्याच जणींच्या बरोबर मुलं होती. ताईंचा मुलगा चांगला उंच, धिप्पाड. मी माझी ओळख दिली, तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, एक सांगू? आईने मला पाजलंच नव्हतं. माझ्या जन्मानंतर टायफॉइड झाला तिला. आत्याने मला डब्यावर वाढवलं. आईला ते आयुष्यभर लागून राहिलं. मी म्हणायचो, अगं, सहा फूट झालोय, दारात डोकं आपटतं माझं, अजून काय पाहिजे तुला?" तो हसला आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकी मोठी चूक चारचौघांत सांगणाऱ्या बाईंनी हे एवढं मात्र स्वतःजवळ ठेवलं होतं.

त्या शेवटच्या आमच्याकडे आल्या ती दुपार मला आठवते. वरच्या मजल्यावर एक अगदी लहान मुलगी बाळंत झाली होती, वीस वर्षंही पूर्ण नसतील. बाळ दोन दिवस धड पीत नव्हतं. ताई तिच्या खोलीत गेल्या त्याला दोन तास होऊन गेले तरी बाहेर येईनात, म्हणून मी बघायला गेले. दार ढकललं. बाळ आईच्या छातीवर पोट भरून गाढ झोपलं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. मुलीचे डोळे मिटले होते. आणि ताई, पलंगाच्या कडेला डोकं टेकून, एक हात त्या मुलीच्या पायावर ठेवून झोपल्या होत्या. डायलिसिसच्या सुयांनी तो हात काळानिळा झाला होता.

मी पंखा एकने कमी केला आणि दार ओढून घेतलं.