साडूंचा साठचा फ्यूज

फ्यूज उडाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. चाकणच्या एका कारखान्यात ते गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात आहेत. येणाऱ्या प्रत्येक मालावर संशय घ्यायचा, हे त्यांचं कामच. अडचण एवढीच, की शिफ्ट संपल्यावर तो संशय ते कारखान्यात ठेवून येत नाहीत, डब्याबरोबर निगडीला घरी आणतात. आमटी करपली तर ते चिडत नाहीत. शांतपणे विचारतात, "का करपली?" मेहुणी म्हणते, "लक्ष नव्हतं." "लक्ष का नव्हतं?" "फोन आला." "फोन का आला?" असं पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं, असं कंपनीने त्यांना शिकवलंय. एकदा पाचव्या 'का'ला मूळ कारण ते स्वतःच निघाले. आमटी कसली केलीय हे विचारायला फोन त्यांनीच केला होता. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात तीन 'का'ची मर्यादा आहे.

मी स्वतः आकड्यांतला माणूस. मीटरशी युनिट ताडून पाहिल्याशिवाय विजेचं बिल भरत नाही. त्यामुळे आमचं जमतं, आणि म्हणूनच भाचीचं लग्न ठरलं तेव्हा या सगळ्या प्रकरणात मी ओढला गेलो. भाची एकुलती एक. तिने सांगून टाकलं, "वरातीला डीजे नको. आपल्याच गाडीतून जाणार, आणि गाणी बाबांनी लावायची." याला कारण होतं. शाळेत सोडायला जाताना बापलेक गाडीत गाणी म्हणत जायचे. त्या जुन्या गाडीचे स्पीकर असे, की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागून 'घूंऽऽ' असा आवाज चढत जायचा. पोरगी गाण्याबरोबर तो घूंही तालासुरात म्हणायची. आता ती म्हणाली, "सासरी जाताना तरी घूं नको हं, बाबा." साडूंनी मान हलवली. एरवी ते कुठल्याच गोष्टीला लगेच हो म्हणत नाहीत. या वेळी म्हणाले, आणि तिथेच त्यांची झोप उडाली.

आम्ही चिखलीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं पुढे सरकवलं. त्यावर 'पाच हजार वॅट' असं छापलेलं. "काका, गाडी हलेल बघा!" मी मनातल्या मनात बारा व्होल्टने भागलं, तर चारशेच्या वर अँपिअर आले. तसं सांगितलंही. साडूंनी अ‍ॅम्प उलटा केला. त्याच्या पाठीवर तीस-तीस अँपिअरचे दोन फ्यूज होते. "साठ गुणिले बारा?" त्यांनी मला विचारलं. "सातशे वीस." "त्यातले काही उष्णतेत जाणार. पाचशे वॅट धरू, राव. बाकीचे साडेचार हजार यांच्या खोक्यातच राहू द्या." मग वायर आली. लाल, जाड, देखणी. साडूंनी खिशातून ब्लेड काढून एक तार खरवडली. आतून पांढरी निघाली. "हे अ‍ॅल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा." दुकानदार म्हणाला, "चालतंय काका, सगळे हेच नेतात." साडू म्हणाले, "तुमच्या घरी लग्नात मंगळसूत्र पॉलिशचं चालेल का?" दुकानदार आत गेला आणि दुसरं बंडल घेऊन आला. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी, हा साडूंचा पुढचा हट्ट. "करंट जाताना जेवढा रुंद रस्ता, तेवढाच येताना हवा. नाहीतर काय होतं ते रोज संध्याकाळी हिंजवडीच्या चौकात बघतोय की आपण." मेहुणी घरी आल्यावर म्हणाली, "सोनं घ्यायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

खरा प्रसंग फ्यूजचा. दुकानदाराने सल्ला दिला होता, "साठचा उडतो काका, शंभरचा टाका, कटकटच नाही." साडूंनी त्याला समजावलं, "फ्यूज गाण्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढं सोसेल त्याच्या आत तो उडायला पाहिजे. तुमचा शंभरचा मजेत बसून राहील आणि वायर पेटेल." साठचे घेतले खरे, पण साठचा फ्यूज उडतो याला पुरावा काय? सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या बॅटरीवर त्यांनी ते एकेक करून मुद्दाम जाळायला घेतले. पहिल्या दुकानाच्या मालातला एक उडालाच नाही. वरचं प्लॅस्टिक वितळलं, आतली पट्टी शाबूत! तो सगळा माल बाद. दुसरीकडून बारा आणले. त्यातले दहा लागोपाठ फट्‌ फट्‌ उडाले आणि प्रत्येकाला साडूंनी टाळी वाजवली. सेक्रेटरी धावत आले. "काय चाललंय?" "तपासणी." "नापास किती?" "एकही नाही, दहाही जळाले!" सेक्रेटरी आल्या पावली परत गेले. मी हिशेबाने शंका काढली, "पण उरलेले दोन उडतील कशावरून?" साडूंनी दोन्ही फ्यूज तळहातावर घेतले. म्हणाले, "तेवढा विश्वास ठेवावा लागतो, भाऊसाहेब. मुलगी देतोय की आपण." एक त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. एक खिशात ठेवला.

लग्न छान झालं. फुलवाल्याने गाडी सजवली तेव्हा साडू कन्यादानाला बसले होते, नाहीतर त्याचीही तपासणी झाली असती. ऊन कलताना आम्ही माण गावच्या वेशीवर पोचलो. मुलाकडचे तिथले जुने घरंदाज. निम्मा गाव उभा होता. स्टिअरिंगवर वधूपिता स्वतः, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी द्यायला ते तयार नव्हते. मागे नवरा-नवरी, पुढे साडूंशेजारी मी. गाणं सुरू झालं. असं स्वच्छ, भरदार, की मला सीटमधून छातीत जाणवलं, आणि घूंचा मागमूस नाही. पोरं नाचायला लागली. गाडी शंभर पावलं गेली असेल, आणि गाणं फट्‌दिशी थांबलं. इंजिन चालू, गाणं बंद.

व्याही खिडकीशी आले. "पावनं, गाणं का थांबलं वो?"

"फ्यूज उडाला!" साडू ओरडले. चेहरा असा, की नातू झाल्याची बातमी देतायत.

नवऱ्याचे मित्र जमले. "काका, डायरेक्ट करा ना, तार टाका!" एकाने तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी पुढे केली. "सासरेबुवा, तोवर तुम्हीच म्हणा एखादं!" हशा झाला. साडू उतरले आणि बॉनेटला पाठ लावून उभे राहिले. "का उडाला ते कळल्याशिवाय दुसरा लागणार नाही."

"आवो, आख्खं गाव हुबं हाय," व्याह्यांचा आवाज चढला. "आमची हसवणूक करताय व्हय?"

मी घड्याळ पाहिलं. सोयरीक होऊन चार तास झाले नव्हते. तेवढ्यात मागच्या काचेतून मुंडावळ्या बांधलेलं डोकं बाहेर आलं. "बाबा, का उडाला?"

तेवढा एक 'का' पुरला. साडूंनी बॉनेट उघडलं. फुलवाल्याने माळा पक्क्या बसाव्यात म्हणून बारीक लोखंडी तार आतून ओढून पिळली होती, आणि बॉनेट बंद करताना तिचं टोक लाल वायरवर दाबलं गेलं होतं; गाडी हादरता हादरता ते आवरणात घुसलं होतं. तिथला झेंडू काळा पडला होता. व्याही वाकले. त्यांनी वास घेतला. माळा इंजिनवर लोंबत होत्या. त्यांनी एकदा त्या मित्राच्या हातातल्या चांदीकडे पाहिलं, एकदा मागे बसलेल्या मुलाकडे आणि सुनेकडे.

"डायरेक्ट केली आसती तर?"

साडूंनी नुसता तो काळा झेंडू काढून त्यांच्या हातात दिला.

व्याह्यांनी ती तार स्वतः उलगडून काढली आणि गरजले, "ह्येंच्या गाडीला कुनी हात लावायचा न्हाई!" साडूंनी वायरला टेप गुंडाळली, खिशातला फ्यूज काढला, त्याला चिकटलेल्या दोन अक्षता झटकल्या आणि बसवला. गाणं परत सुरू झालं ते वाड्याच्या दारापर्यंत थांबलं नाही. मधल्या चौकात व्याह्यांनी साडूंना गाडीतून ओढून खांद्यावर घेतलं, आणि मला कधी नव्हे ते स्टिअरिंग मिळालं. साडूंच्या वर केलेल्या मुठीत जळका फ्यूज होता. सनईवाल्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी आपल्या हाताने पेढे वाटले. मला देताना कानात म्हणाले, "अकरावासुद्धा पास!"

पुढे जावयाची बदली बंगळूरला झाली. रविवारी सकाळी साडू पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसून मुलीचा फोन घेतात, त्या पाचशे वॅटवर. "बाबा, नाश्ता झाला का?" हा प्रश्न तिन्ही इमारतींना ऐकू जातो आणि वॉचमन "हो ताई" म्हणतो. मी म्हटलं, "फोन कानाला लावून बोला की." ते म्हणाले, "मोबाईलवर तिचा आवाज पातळ येतो."

परवा फोन संपल्यावरही ते तसेच बसून होते. इंजिन चालू, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, हळूहळू दाबत होते. मी शेजारी जाऊन बसलो. "काय ऐकताय?"

"घूं येतोय का बघतोय."

"येतोय?"

"नाही," ते म्हणाले. एखादी गोष्ट तपासणीत पास झाल्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.