पूर्वजांची भाजी

मंडळी, सकाळच्या पोस्टमध्ये मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की मिरची आपली नव्हेच. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, त्याआधी आपले पूर्वज तिखटासाठी मिरे वापरायचे.

दुपारी अमरावतीहून अकोल्याला ताईकडे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, खायला गेलो. पंगत बसली. सगळ्यांच्या पानात वांग्याची लालभडक, तर्रीदार भाजी. माझ्या वाटीत मात्र पिवळट काहीतरी, वरून मिरपूड भुरभुरलेली.

"ताई, हे काय?"

"पूर्वजांची भाजी. तूच लिहिलं न सकाळी? मिरची परकी हाय, मंग तुले काहून वाढू?"

भाऊजी हसून हसून लाल झाले. मी कसेबसे दोन घास गिळले आणि हात जोडले. "मिरची आपलीच हाय, ताई. वाढ आता!"

तर्री पानात पडली तेव्हा कुठे वऱ्हाडात आल्यासारखं वाटलं.

खरी गंमत जेवणानंतर. ताईने माझ्या एकाही पोस्टला आजवर लाइक दिलेला नाही, म्हणून ती वाचतच नसेल असं मी धरून चाललो होतो. विचारलं तर म्हणाली, "रोज वाचते बाप्पा. पण तुले डोक्यावर काहून चढवू?"

तुमच्यात अशा गुपचूप वाचणाऱ्या किती ताया आहेत? लाइक नका देऊ. फक्त जेवायला बोलावण्याआधी, वाचता एवढं एकदा सांगा.