मेंढ्याचं वीर्य घेऊन अकोला ते परतवाडा

यंदा चैत्रात मी अकोल्याहून परतवाड्याला गेले, ती काही मेळघाट बघायला नव्हे. माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, नामदेव भाऊजी, तिकडे मेंढ्या पाळतात. त्यांचा सगळ्यात तगडा मेंढा ट्रकच्या धडकेत कंबर मोडून अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पडला होता. तो आता उठायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्याची आजवरची पिल्लं सगळी माद्याच. वंश राखायचा तर त्याचं वीर्य त्याच दिवशी परतवाड्याला पोचायला हवं होतं. भाऊजी तिथे माजावर आलेल्या सहा मेंढ्या घेऊन थांबले होते, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

डॉक्टरांनी थर्मासात तळाला बर्फ, वर कापूस आणि कापसात दोन नळ्या ठेवल्या. "थंड राहू द्या, पन बर्फाले टेकू देऊ नका. उन्हात नको, अन् लय हालवू नका," ते म्हणाले.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. अकोट, अंजनगाव करत तीनेक तासांत परतवाडा येतं, बायांना अर्धं तिकीट. अकोटला गरम आलूबोंडा खाल्लाच पाहिजे. पुढे रस्ता उखडलेला होता, तिथे मी थर्मास मांडीवर उचलून धरला.

"विरजन हाय का बाई त्याच्यात?" कंडक्टरने विचारलं.

"मेंढ्यांचं औषध आहे," मी म्हणाले. पूर्ण खोटं नव्हतं ते.

अंजनगाव म्हणजे पानमळ्यांचं गाव. तिथे गाडी दहा मिनिटं थांबली. ऊन मी म्हणत होतं. झाकण उघडून पाहिलं तर बर्फ निम्मा वितळलेला. माझा धीर सुटला. रसवंतीवाल्या काकांकडे बर्फ मागितला. "घ्या न बाई, बर्फाचे कायचे पैशे?" म्हणत त्यांनी थर्मास भरून दिला. इथे माझं विज्ञान जागं झालं. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, त्याने गारवा वाढतो. मी काकांच्याच बरणीतलं मूठभर मीठ टाकलं आणि एक नळी त्यात खोल खुपसली. दुसरी मावेना, म्हणून ती वर कापसातच राहिली.

परतवाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्या नळीतला थेंब कोमट करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मलाही पाहू दिलं. सगळं निपचित, एकही शुक्राणू हलेना.

"ही नळी गोठली होती," त्या म्हणाल्या.

मी भाऊजींकडे वळले. "भाऊजी, बर्फात मीठ मी टाकलं."

"काहून?"

"जास्त थंड राहावं म्हणून."

भाऊजींनी दुसरी नळी डॉक्टरीणबाईंपुढे केली. मग कापसातल्या नळीचा थेंब ठेवला आणि काचेखाली चुलीवरच्या वरणासारखी खदखद दिसली! मी आनंदाने ओरडलेच. सहापैकी तीन मेंढ्यांना पुरेल एवढंच होतं ते.

"तीन त तीन," भाऊजी म्हणाले. "चाल, तुह्या बहिणीनं पाटोडी केली."

इतकी झणझणीत पाटोडी मी दुसरीकडे कुठे खाल्लेली नाही.

वैशाखात मेंढा गेला. तीनपैकी दोनच मेंढ्या गाभण राहिल्या. भाद्रपदात पहिली व्याली, तिला मादी झाली. मी इथे अकोल्यात दिवस मोजत होते आणि स्वतःला बोल लावत होते. काल सकाळी भाऊजींचा फोन आला.

"नर झाला, सुनंदा! आत्ताच उभा राह्यला. पाहाले ये. पन येताना काही थंड आणू नको."