लाउरिट्सने ठेवलेला कंद

थिराच्या खिडकीतल्या कागदी टोप्या आमच्या गल्लीत सगळ्यात वेड्यावाकड्या असत, कारण त्या तिचा नवरा वळायचा. लाउरिट्सने चाळीस वर्षं बेटावर जाणाऱ्या बोटीवर तिकिटं तपासली. जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे घरी पडलेले असायचे, त्यांच्याच टोप्या. ऑक्टोबर आला की तो हायसिंथ या सुवासिक फुलझाडाचे कंद कमरेत आवळलेल्या काचेच्या पेल्यांवर बसवायचा, डोक्यांवर टोप्या चढवायचा आणि पेले तळघरातल्या अंधारात नेऊन ठेवायचा; कोंब फुटले की टोप्यांसकट खिडकीत. पाणी कंदाच्या बुडाला शिवता कामा नये, मुळांनी खाली उतरून ते शोधलं पाहिजे, हा त्याचा नेम. कंद हाताळले की त्याच्या बोटांना खाज सुटे, आणि जेवताना तो कराकरा खाजवत बसे.

"हातमोजे घाल म्हटलं तर घालायचे नाहीत," थिरा म्हणायची. "याच्यापेक्षा माकड पाळलं असतं तर बरं."

"माकडाला एवढे बटाटे कुणी सोलून दिले नसते," तो म्हणायचा.

थिराने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आवाज मोठा, हात मोठे. गोड बोलणं तिला जमतच नसे. कुणी कौतुक केलं तर टेबल पुसायला लागायची. कंदांना तिने कधी हात लावला नाही. "तुझी पोरं, तूच बघ," एवढंच. तरी नाताळात फुलं आली की सगळ्यात आधी मला बोलावून दाखवायचीही तीच, आणि वर म्हणायची, "बघ, याला दुसरा उद्योग नाही."

नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी लाउरिट्स बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही. अंत्यविधी करून चर्चमधून आल्यावर सगळ्यांना कॉफी झाली, राय धान्याचा काळा पाव झाला. थिरा रडली नाही. बशा गोळा करताना म्हणाली, "कॉफी पातळ झाली होती. त्याला आवडली नसती."

आठ-दहा दिवसांनी मी तिच्या केकच्या थाळ्या परत द्यायला गेले. दार उघडं, घरात कुणी नाही. तळघराचा दिवा चालू होता. ती पायरीवर बसली होती, मांडीवर बटाट्यांची टोपली. समोरच्या फळीवर एकच पेला होता, टोपीसकट. त्या वर्षी लाउरिट्सचे हात थरथरायचे. दोन पेले फुटले होते, म्हणून एकच.

"हा कधी ठेवला त्यानं?" तिने विचारलं.

"ऑक्टोबरातच असणार, नेहमीसारखा."

"मला बोलला नाही."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. मुळं बघ किती लांब आलीत. तो गेला त्या दिवशीही हे वाढतच होतं का गं?"

मी थाळ्या पायरीवर ठेवून तिच्या शेजारी बसले.

पुढे तिने त्या पेल्याचं सगळं त्याच्या नेमानं केलं. कोंब स्वतःच टोपी वर उचलेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली तर फूल पानांतच अडकून बसतं. थिरा रोज पेल्यासमोर बसायची, हात पाठीमागे बांधून. नाताळच्या आदल्या दिवशी गडद निळं फूल आलं. तिने ते टेबलावर लाउरिट्सच्या जागी ठेवलं आणि समोर बसून बदकाचं मटण खाल्लं. वासाने खोली भरली होती. मुलगा प्रेबेन ऑर्हुसहून आला होता, तो मला दारात म्हणाला, "आई त्या फुलाशी भांडत होती. मीठ कमी पडलं म्हणून."

मी म्हटलं, थिरा, पाणी बदलायला हवं.

"हे पाणी त्यानं ओतलंय."

"अगं, पण वास येतोय."

"येऊ दे." ती चमच्याने वरून थोडं थोडं पाणी घालायची, पण जुनं टाकायची नाही. खिडकी उघडी ठेवून गारठ्यात बसायची.

सहा जानेवारी उलटली की आमच्याकडे नाताळची झाडं, तारे, फुलं सगळं घराबाहेर जातं. पाण्यावर फुललेला हायसिंथ तर कुणी ठेवतच नाही. मातीविना त्याने स्वतःलाच खाऊन फूल दिलेलं असतं, त्यात काही उरत नाही. प्रेबेनने फोन केला, "आई, फेकून दे तो आता. पुढच्या वर्षी मी दहा आणून देतो."

"दहा आण," ती म्हणाली. "त्यातला एक तुझ्या बापाच्या हातचा आण."

मग ती माझ्याकडे आली. "तू कॉलेजात झाडापानांचंच शिकलीस ना? मग सांग. हा जगवायचा कसा?"

खरं सांगायचं तर जगण्याची आशा फार नव्हती, आणि मी तसं सांगितलंही. पण करायचंच तर काय करायचं तेही सांगितलं. कंद मातीच्या कुंडीत लावायचा, पानं राखायची, कारण आता पानंच कंदाला भरवणार. हाडांचा चुरा चिमूटभर. थंड खिडकी. पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत पाणी, मग बागेत मातीखाली. आणि सगळ्यात आधी, सुकलेल्या फुलाचा दांडा कापायचा, नाहीतर उरलासुरला जीव बी धरण्यात जातो.

तिने सगळं केलं. दांडा तेवढा कापला नाही.

"थिरा, फूल वाळलंय."

"दिसतंय मला."

"मी कापू?" कात्री माझ्या हातात होती.

"त्यानं शेवटचं एक काम करून ठेवलंय, आणि ते मी कापू?" तिचा आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातला होता. मी कात्री खिशात टाकली. आजही वाटतं, ती बाथरूमला गेली असताना कापून टाकायला हवा होता. तिने वाकलेला दांडा विणायच्या सुईला लोकरीने बांधून उभा केला. त्यावर बियांच्या हिरव्या गोळ्या धरल्या, फुगल्या. ती खूश होऊन दाखवायची, "बघ, अजून चाललंय त्याचं." मी बघायचे आणि म्हणायचे, हो.

मे महिन्यात आम्ही तो बागेत लाल बेरीच्या झुडपाखाली लावला. हिवाळा गेला. पुढच्या मार्चात सगळ्यांच्या बागांत निळं-पांढरं वर आलं. थिरा रोज सकाळी काठी टेकत झुडपापर्यंत जायची, वाकायची, परत यायची. मला काही विचारायची नाही. एप्रिल संपत आला तेव्हा म्हणाली, "खण. मला कळू दे."

मी हाताने माती उकरली. कंदाची नुसती सालं हातात आली, तपकिरी, पोकळ, कांद्याच्या टरफलासारखी. चिमटीत धरताच चुरा झाला. त्याच्या बुडाशी वाटाण्याएवढे दोन नवे कंद, त्याची पिल्लं, होती, एकाला केसाएवढा कोंब.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला. पण ही दोन आहेत, त्याचीच."

"फुलायला किती दिवस?"

"दिवस नाही, थिरा. चार वर्षं. कदाचित पाच."

ती ब्याऐंशीची. बाकावर बसली आणि माझ्या तळहाताकडे बघत राहिली. "दांडा कापला असता तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "थोडी आशा होती," मी म्हटलं. "फार नाही."

तिने मान हलवली. नोव्हेंबरात न आलेलं रडू तेव्हा आलं. मोठ्या आवाजात, शेजारची कुत्री भुंकायला लागली एवढं. मी मातीचे हात घेऊन तशीच शेजारी बसले. रडून झाल्यावर तिने एप्रनला नाक पुसलं.

"चार वर्षं," ती म्हणाली. "तो असता तर थांबले असते गं. त्याच्या डोक्यावर बसून थांबले असते."

"मग लावू या ना."

"तूच लाव. मातीत काही ठेवणं आता माझ्याच्यानं होत नाही."

मी दोन्ही पिल्लं लावली, माती हलक्या हाताने दाबली. मागे वळून पाहिलं तर ती केव्हाच घरात गेली होती.