विहीणबाईंना सांगायची गोष्ट

लेकीचं लग्न कोइम्बतूरच्या मुलाशी ठरलं, तेव्हा रिसोडात आमच्या गल्लीनं मला दोन प्रश्न विचारले. पहिला जातीचा. दुसरा, "मंग तुमी विहीणबाईशी बोलसान कशा?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण तो विचारणाऱ्यांच्या घरची लग्नं मला चांगली ठाऊक होती. दुसऱ्यानं मात्र झोप उडवली.

विहीणबाईंना तमिळ येतं आणि इंग्रजी येतं. मला मराठी येतं आणि बाजारापुरतं हिंदी. हिंदी त्यांना अजिबात येत नाही. इंग्रजी मी शाळेत शिकले होते, म्हणजे दहावीला पास होण्यापुरतं पाठ केलं होतं आणि निकाल लागल्यावर सुखानं विसरले होते. त्यामुळे सुरुवातीला सगळी भिस्त लेकीवर. ती पुण्याहून व्हिडिओ कॉल जोडून द्यायची, एका चौकटीत मी, एका चौकटीत त्या, आणि मधे ही दुभाषी.

एकदा मी चांगलं सविस्तर बोलले. म्हटलं, "त्याईले सांग, पोरगी कामाले वाघ हाये, पण सकाळी उठायच्या नावानं बोंब हाये. तिचा राग नाकावर असते, पण घडीभरात उतरते. तेवढं सांभाळून घ्या म्हणा." लेक हसत हसत चार शब्द बोलली. विहीणबाईंनी गोड मान डोलावली. कॉल संपल्यावर मी विचारलं, "काय सांगतलं तू?"

"तू लय खुश हायेस म्हणून सांगतलं."

"आन बाकीचं?"

"बाकीचं काय सांगायचं आई? माही इज्जत काढतेस का?"

बदमाश पोरगी. त्या दिवशी मला कळून चुकलं की हिच्या तोंडून माझं बोलणं कोइम्बतूरला कधीच पोचायचं नाही. एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्याजवळ एक गोष्ट होती, ती विहीणबाईंना सांगितल्याशिवाय मला पोरगी त्यांच्या हाती द्यायची नव्हती.

ती गोष्ट अशी. लेक सहावीत होती. केनवडला आमचं शेत आहे, तिथे तुरीची सोंगणी चालली होती. सगळे शेतात, पोरगीही. तूर कापली की जमिनीत बुडखे उरतात, तिरपे कापलेले, चाकूसारखे. आम्ही त्यांना धसकट म्हणतो. एक धसकट तिच्या चपलेतून आरपार तळपायात गेलं. तिनं ते उपसून काढलं, पण टोक आत राहिलं. घरी आली तेव्हा लंगडत होती. मी विचारलं, "काय झालं वं?" म्हणे, "काई नाई." संध्याकाळी पुन्हा विचारलं. "काई नाई म्हणलं ना." दुसऱ्या दिवशी शाळेत तशाच पायानं खो-खो खेळून आली. अंगात कणकण होती. तेव्हा मी काही न बोलता तिच्याजवळ जाऊन बसले, डोक्याला तेल लावत बसले बराच वेळ, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लय दुखते का?" तेव्हा कुठे ती रडली आणि पाय पुढे केला. तळपाय सुजून टम्म झाला होता. डॉक्टरांनी कातडी चिरून ते टोक काढलं आणि म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पायावर बेतलं असतं.

पोरगी अजून तशीच आहे. कॉलेजात नापास झाली तेही असंच, नोकरीत साहेबानं छळलं तेही असंच. आधी काही नाही, मग पुन्हा काही नाही, आणि जवळ बसून विचारत राहिलं तर सगळं. आमच्याकडे यानं काही अडत नाही. पाहुणा नको म्हणाला म्हणून कोणी वाढणं थांबवत नाही. पुन्हा विचारायचंच असतं. पण कोइम्बतूरचं घर बघून आल्यावर लेकच कौतुकानं म्हणाली होती, "तिकडे लय मस्त हाये आई. एकदा नो म्हणलं का विषय संपला. कोनी मागं लागत नाई." ती खुशीत होती, मला मात्र तिचा लंगडता पाय आठवला. अशा घरात ही पोरगी पायात धसकट घेऊन वर्षभर फिरेल आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक आपा राहतात. उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे सलवार-कुर्ते मी पूर्वीपासून शिवते. कुर्ता द्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, "आपा, मले इंग्रजी शिकवा. लगन दोन महिन्यानं हाये."

"सगळी इंग्रजी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एक गोष्ट सांगता आली पायजे, एवढीच."

मी गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. मग मी म्हटलं, "मले फक्त एवढं सांगायचं हाये का पोरगी मुकी हाये, मनातलं सांगत नाई, तुमी पुन्हा इचारत जा."

"असं नको सांगू," आपा म्हणाल्या. "पोरीचा सभाव सांगतला का सासूच्या मनात गाठ बसते. उद्या भांडण झालं का तुह्याच तोंडचं तुले वापस करन. जे घडलं ते सांग. घडलेलं मानूस चुपचाप आयकून घेते."

म्हणून मला भूतकाळ शिकावा लागला. आपा रोज दुपारी माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि एकच विचारायच्या, काल काय केलं? मी पायानं मशीन चालवत उत्तर द्यायची. आय गो टू मार्केट. "काल गेली का रोज जातेस?" काल. "मंग गो नाई. वेंट." हे वेंट माझ्या डोक्यात तिडीक आणायचं. कुकचं कुक्ड होतं, वॉशचं वॉश्ड होतं, हे समजतं. पण गोचं वेंट? एक दिवस मी कात्री आपटली. "या वेंटमंधी गो कुठं दिसून राह्यला तुमाले? हे इंग्रज काय पिऊन बसले होते?"

आपा शांतपणे म्हणाल्या, "तू म्हणतेस जा. मंग म्हणतेस गेली. त्या गेलीमंधी जा कुठं हाये?"

मी मशीन थांबवली. जन्मभर बोलत आले आणि हे कधी दिसलं नव्हतं. राग आला तो वेगळाच, पण त्यानंतर वेंटशी माझं जमलं.

डिडनं मात्र पिच्छा पुरवला. नाही म्हणायचं असलं की डिड नॉट आणायचं आणि मग पुढचा शब्द पुन्हा साधा करायचा, म्हणजे डिड नॉट टोल्ड नाही, डिड नॉट टेल. मी दर वेळी टोल्डच म्हणायची. आपा म्हणायच्या, डिडनं भूतकाळ उचलला, आता टेलच्या डोक्यावर पुन्हा कायले ठेवतेस? धसकटावरूनही आमचं वाजलं. आपांनी थॉर्न सांगितलं. मी म्हटलं, थॉर्न म्हणजे काटा, काट्याचं कोणी एवढं मनावर घेत नाही. त्यांना दुसरा शब्द सापडेना. शेवटी ठरलं, थॉर्न म्हणायचं आणि हाताच्या बोटाएवढं दाखवायचं.

घरात थट्टा सुरू झालीच होती. नवरा दारातून यायचा तो, "मॅडम, चहा भेटन काय?" म्हणत यायचा. मी म्हणायची, चहा वॉज. म्हणजे होता, संपला. हे व्याकरण कितपत बरोबर होतं माहीत नाही, पण त्याला कळायचं. लेकीला मी यातलं काही कळू दिलं नाही. तिला कळलं असतं तर तिनं मला अडवलं असतं.

लग्न रिसोडातच झालं. तिकडची मंडळी सगळी शांत, नीटनेटकी, आणि आमच्याकडचा बँड असा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. शेवटी झाल या विधीची वेळ आली. आमच्यात लेकीला निरोप देताना वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती टोपली सासूच्या डोक्यावर टेकवतात आणि आई म्हणते, आजवर माझी होती, आता तुमच्या पदरात घातली. एवढं म्हणून आई रडते आणि सगळ्या बाया तिच्याबरोबर रडतात. विहीणबाईंच्या डोक्यावर टोपली टेकवली, उतरवली. बायांनी रडायची तयारी केली. मी विहीणबाईंचा हात धरला आणि इंग्रजी सुरू केलं.

"शी वॉज स्मॉल," मी म्हटलं. "वी वेंट टू द फार्म."

लेकीनं दचकून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे उभ्या जावांनी डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. मी पुढे गेले. थॉर्न वेंट इन हर फूट. बोट दाखवलं. बोट पुरेसं वाटेना म्हणून खाली वाकून, शालू सावरत माझा तळपाय दाखवला. मग पाठ केलेलं सगळं एकदम उडालं. ऐन वेळी डिडनं दगा दिला. आय आस्क. शी डिड नॉट टोल्ड. मला चूक कळली, मी सुधारायला गेले आणि पुढचं विसरले.

"आई, चल ना, फोटोवाला थांबला हाये," लेक माझा दंड धरून म्हणाली. तिचं तोंड लाल झालं होतं. गोष्ट कोणती ते तिनं ओळखलं होतं.

विहीणबाईंनी लेकीकडे न बघता तिला हातानं थांबवलं. "वेट," त्या म्हणाल्या. "युवर मदर इज टेलिंग मी."

मग मला सगळं आठवलं. मी सावकाश म्हटलं, आय आस्क्ड. शी सेड नथिंग. आय आस्क्ड अगेन. शी सेड नथिंग. आय सॅट निअर हर. आय आस्क्ड अगेन. देन शी टोल्ड.

विहीणबाईंना किती कळलं ते मला कळेना. त्यांनी माझा हात दाबला, डोळे पुसले, पण त्या वेळी तिथे सगळेच डोळे पुसत होते. गाडी गेली. बाया मला म्हणाल्या, काय भारी इंग्रजी बोलली वं तू. मला मात्र रात्रभर वाटत राहिलं की त्यांना वाटलं असणार, ही बाई निरोपाच्या वेळी पायात काटा टोचल्याचं काय सांगत बसली.

लेक कोइम्बतूरला नांदायला लागली, तिथेच नोकरीही लागली. रोज संध्याकाळी फोन. काय केलं, काय खाल्लं, सासू बरी आहे, ऑफिसात आज लय काम होतं, सगळं बरं आहे. माझ्या मनातली भीती हळूहळू निवली.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी फोन वाजला. विहीणबाई. लेक मधे नाही, जावई नाही, सरळ त्या. माझ्या हातातला कपडा मशीनवरच राहिला. शेजारी आपा नव्हत्या. विहीणबाई हळू बोलत होत्या, एकेक वाक्य तोडून, आणि मला नवल वाटलं की मला कळत होतं. लेकीची नोकरी गेली होती. कंपनीनं बऱ्याच जणांना काढलं त्यात ती. काही दिवस झाले होते. ती रोज सकाळी डबा घेऊन घरून निघायची आणि बागेत, ग्रंथालयात कुठेतरी बसून संध्याकाळी परत यायची. डबा भरलेलाच परत येत होता. तो विहीणबाईंनी पाहिला.

"आय आस्क्ड," त्या म्हणाल्या. "शी सेड नथिंग. आय आस्क्ड अगेन. शी सेड नथिंग. आय सॅट निअर हर. आय आस्क्ड अगेन. देन शी टोल्ड."

एवढे शब्द शिकले होते, त्यातला एकही जवळ नव्हता. त्यांनी सांगितलं की ती खूप रडली, आणि मग जेवली, आणि आता झोपली आहे. काळजी करू नका. मी थँक यू म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि फोन ठेवला. मग मशीनजवळ बसून रडले. बरं वाटलं म्हणून रडले, हे खरं. पण वाईटही वाटलं, तेही लपवत नाही. ज्या बाईला तिनं सांगितलं ती मी नव्हते. मी हेच मागितलं होतं, त्याच्यासाठी एवढी खटपट केली होती, आणि मिळालं तेव्हा टोचलं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी लेकीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"काय चाललं वं?" मी म्हटलं.

"काई नाई आई. सगळं बरं हाये."

"ऑफिस?"

"हो ना. लय काम होतं आज."

माझ्या तोंडावर पुढचा प्रश्न आला होता. पण पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, तमिळमधे, पण सुरावरून कळलं, तिला जेवायला बोलावत होत्या. ती म्हणाली, नको. त्यांनी पुन्हा बोलावलं.

"जाय," मी म्हटलं. "त्या बोलावून राह्यल्या." आणि मी फोन ठेवला.